चिकुनगुनियातून उठताना कादंबरी: वहीत लिहावी की मोबाइलला सांगावी?

ताप आठवड्याभरात उतरतो, पण मनगट आणि बोटांचे सांधे पुढे कित्येक आठवडे, काहींचे महिनोन्महिने धरलेले राहतात. अशात ५०,००० शब्दांचा पहिला खर्डा काढायचा म्हटलं की घरातले आधी एकच सुचवतात: हात कशाला दुखवता, मोबाइलला बोलून लिहा.

सल्ला वाईट नाही. टायफॉइड किंवा काविळीनंतर हात चांगले असतात, पण ताठ बसवत नाही. तिथे उशीला टेकून बोलणंच सोयीचं. वेगही बराच. सहा-सात मिनिटांत ५०० शब्द सहज होतात. अडचणी येतात त्या घरच्याच. कूलर चालू असला की निम्मे शब्द भलतेच उमटतात, आणि बंद केला तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी बसवत नाही. ओसरीवर सासू-सासरे बसलेले असताना नवरा-बायकोच्या भांडणाचा प्रसंग मोठ्याने सांगणंही अवघड जातं.

हे सगळं निभावता येतं. मला जे निभवता आलं नाही ते वेगळं. आपली पात्रं परभणी-नांदेडकडची असतील तर ती ‘काय करतोयस’ म्हणत नाहीत, ‘काय करायलास’ म्हणतात. मोबाइल शेवटचा ‘स’ खातो आणि लिहितो ‘काय करायला’. विचारपूस होती, तिचा अर्थच गेला. ‘आई बोलायली’चं (आई बोलतेय) ‘आई बोलावली’ होतं. ‘कामून’ (म्हणजे ‘का’, ‘कशाला’) तर दर वेळी नव्याच वेषात येतं. पूर्णविराम, अवतरणचिन्हं हाताने टाकायची ती वेगळीच. संवादाच्या एका पानात अशा वीस-पंचवीस दुरुस्त्या निघतात, आणि त्या करायच्या कशाने? अंगठ्याने. मोबाइल तळहातात धरून अंगठा वाकवत राहणं हे सुजलेल्या सांध्याला पेनापेक्षा जास्त जाचतं. सात मिनिटांच्या बोलण्यामागे चाळीस मिनिटांची दुरुस्ती लागली तर हात वाचला कुठे?

म्हणून माझा कल वहीकडे आहे, पण वही शाळेत लिहायचो तशी वापरायची नाही. बॉलपेन दाबावं लागतं, ते नको. जेल पेन घ्या. पेनावर सुती कापडाची पट्टी गुंडाळून वरून दोरा बांधा, अंगठ्याइतकं जाड झालं की चिमूट घट्ट धरावी लागत नाही. सकाळी उठल्या उठल्या लिहू नका, त्या वेळी सांधे सगळ्यात आखडलेले असतात. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात हलवा, चहा होऊ द्या, मग बसा. मांडीवर उशी, उशीवर परीक्षेचं पॅड, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पूर्ण टेकलेला. मनगट अधांतरी राहिलं की रात्री ठणकतं. लाँगबुकात एक ओळ सोडून, मोठ्या अक्षरात लिहा. डावं पान दुरुस्तीसाठी कोरं ठेवा. खोडत बसू नका, एक आडवी रेघ पुरे.

हिशेब असा. ३० दिवसांत ५०,००० म्हणजे रोज १,६६७ शब्द. बरं होत असलेल्या हाताला हे झेपणार नाही. १०० दिवस धरले तर रोज ५००, म्हणजे १२५ शब्दांच्या चार बैठका. एक बैठक पंधरा मिनिटांची, मधे किमान अर्धा तास हात मोकळा. गडी रंगात आला की पंधराची चाळीस मिनिटं होतात आणि नेमकं तिथेच बिघडतं: पुढचे दोन दिवस पेन धरवत नाही. गजर लावा आणि वाक्य अर्धं सोडून उठा, दुसऱ्या बैठकीला तेच वाक्य हाताला धरून आत नेतं. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका. १००चे ११५ झाले तरी चालेल. सूज वाढली, सांधा लाल आणि गरम लागला, तर वही मिटून डॉक्टरांकडे जा.

निसर्गवर्णन, प्रवास, गावाची माहिती, जिथे भाषा प्रमाण आहे, ते भाग बोलून घ्यायला माझी हरकत नाही. संवाद मात्र हातानेच लिहावेत. पुढे वही टंकायला द्याल तेव्हा पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा: ‘बोलीतले शब्द शुद्ध करू नयेत.’ नाहीतर मोबाइलने खाल्लेला ‘स’ तिथेही खाल्ला जाईल.