तीन दुकाने, एक नंबर आणि ‘जोडत’मधला ज : क्लाउड फोनचे नऊ महिने

क्लाउड फोनच्या नूतनीकरणाचे बिल परवा आले, 18 टक्के जीएसटीसह, आणि ते भरायचे की नाही हे ठरवता ठरवता हा अनुभव लिहायला बसलो.

कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगली येथे आमची पंप व मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. 0231, 0230 आणि 0233 असे तीन कोड, तीन पाट्या. सांगलीत संपलेला इम्पेलर कोल्हापुरात पडून आहे हे कळेपर्यंत शेतकरी तिसऱ्याच दुकानात पोहोचलेला असे. म्हणून सर्वांसाठी क्लाउड फोनचा, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनसेवेचा, एकच नंबर घेतला. आयव्हीआर (‘अमुकसाठी एक दाबा’ सांगणारा यंत्राचा आवाज), रेकॉर्डिंग वगैरे सगळीकडे मिळतेच, त्यावर शब्द खर्च करत नाही. मात्र विक्रेता एक गोष्ट आपणहून सांगत नाही. मोबाइल नंबर 2011 पासून देशभर कंपनी बदलून नेता येतो, तशी सोय लँडलाइनला नाही. जुन्या बिलबुकांवर छापलेला आमचा नंबर त्यामुळे जागेवरच राहिला, त्यावरचे कॉल नव्या नंबरकडे वळवावे लागले आणि त्याचे भाडे आजही चालू आहे.

आता मुख्य तक्रार. यंत्राचा मराठी आवाज ‘आपला कॉल जोडत आहोत’ म्हणताना ‘जीवन’मधला ज उच्चारतो. हिशेबासाठी ‘चार’ दाबा हे बरोबर म्हणतो, आणि लगेच तक्रारीसाठी ‘पाच’ म्हणताना तोच ‘चार’मधला च लावतो. मी तक्रार नोंदवली, तेव्हा मजकूर शुद्ध असल्याचे उत्तर आले. दुसऱ्यांदा लिहिले, तेव्हा ‘कॉल जोडला जातो आहे ना?’ असे विचारण्यात आले. ज-खाली नुक्ता देऊन पाहिला, त्याने तो अक्षरशः सुधारला, पण च-खाली टिंब देऊन काय साधणार? स्टुडिओत आवाज ध्वनिमुद्रित करून देण्याचा त्यांचा दर ऐकून मी फोन ठेवला. वहिनी शाळेत शिकवतात, त्यांनी मोबाइलवर पाच मिनिटांत सगळा मजकूर वाचून दिला. ती फाइल प्रणालीने तीनदा नाकारली. आठ किलोहर्ट्झ, मोनो, 16 बिट वेव्ह फाइल हवी, हे एक वाक्य मिळवायला मला चार तक्रारी आणि अकरा दिवस लागले.

तिसऱ्या महिन्यात मी हे सगळे बंद करणार होतो, कारण सांगलीत ग्राहकाला आमचा आवाज जाई आणि त्याचा आम्हाला येत नसे. ‘नेट कमी पडते’ या सल्ल्यावर विसंबून इंटरनेटची महागडी योजना घेतली. वास्तविक इंटरनेटवरून आवाज पाठवण्याच्या साध्या जी.711 पद्धतीच्या एका कॉलला प्रत्येक दिशेने शंभर केबीपीएससुद्धा लागत नाहीत. दोष राउटरमधल्या, इंटरनेट कॉलच्या संदेशांत फेरफार करणाऱ्या ‘सिप एएलजी’ या सेटिंगचा होता. ते बंद केले आणि आवाज दोन्हीकडून येऊ लागला. महागड्या योजनेचे पैसे मात्र वर्षाचे भरून झाले होते.

त्यानंतर माझे मत बदलले, ते न उचललेल्या कॉलच्या अहवालामुळे. इचलकरंजीच्या दुकानात दुपारी दीड ते तीन या वेळात जवळजवळ कोणीच फोन उचलत नाही, हे मला त्या कागदावरून कळले. तेथील मुलांना अर्थातच आधीपासून ठाऊक होते. पूर्वी तीन दुकानांत एकापाठोपाठ घंटी वाजत असे आणि तिसरे दुकान येईपर्यंत ग्राहक फोन ठेवून देई. आता तिन्हीकडे एकदमच वाजते. मोबाइलवर वळवलेल्या कॉलची मिनिटे आमच्या योजनेत वेगळी मोजली जातात आणि 65 सेकंदांच्या बोलण्याची दोन मिनिटे धरली जातात, म्हणून सर्वांना ॲपवरच फोन घ्यायला लावले आहे. ॲप बंद ठेवणाऱ्याची मिनिटे मी वहीत टिपून ठेवतो.

बिल भरणार आहे, पण वापरकर्ते सातवरून पाच करून. सुट्टीच्या दिवशीचा संदेश अजून यंत्राच्याच आवाजात आहे आणि त्यातला ‘दुकान उद्या चालू होईल’मधला च ऐकवत नाही. वहिनी सोमवारी माहेराहून परततील आणि बिलाची मुदत बुधवारपर्यंत आहे.