गेट ते पोर्च: नाशिकच्या बंगल्याला काँक्रीट की डांबर?

नाशिकमध्ये स्वतंत्र बंगल्याच्या आवारात गाडीसाठी रस्ता करायचा असेल, तर डांबराच्या विचारात फार वेळ घालवू नये, हे माझे मत सुरुवातीलाच सांगतो. काँक्रीट मजबूत असते म्हणून नव्हे. नीट केलेले डांबरीकरणही मजबूतच असते. पण डांबराचे काम नीट होण्यासाठी जी यंत्रे, जेवढा माल आणि जेवढी मोकळी जागा लागते, ती घराच्या आवारात मिळत नाही. मखमलाबाद भागातील आमच्या प्लॉटवर गेटपासून पोर्चपर्यंत साधारण १२ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असा पट्टा होता. त्यासाठी दोन्ही प्रकारची दरपत्रके मागवली, झालेली कामे जाऊन पाहिली आणि शेवटी काँक्रीट करून घेतले. त्यावरून उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी डांबराचा हिशेब पाहू. ३६ चौरस मीटरवर ५० मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा म्हटले, तर दाबून बसलेला माल १.८ घनमीटर, म्हणजे जेमतेम सव्वाचार टन भरतो. हॉटमिक्स प्लांटवरून, म्हणजे खडी आणि डांबर गरम करून मिसळणाऱ्या कारखान्यातून, निघणारा एक डंपर याच्या दुपटीहून अधिक माल घेऊन येतो. त्यामुळे एवढ्याशा कामासाठी स्वतंत्र खेप द्यायला कोणी सहसा तयार होत नाही, आणि झालाच तर पूर्ण डंपरचे पैसे लावतो. शिवाय हा माल प्लांटवरून साधारण १५० अंश सेल्सिअसला निघतो आणि तो ९० अंशांच्या आसपास उतरण्यापूर्वी त्याची दबाई पूर्ण व्हावी लागते. थोडा माल, पातळ थर आणि हाताने पसरणी एकत्र आली की तो पाहता पाहता थंड होतो. रस्त्यावर वापरतात तो ८ ते १० टनांचा रोलर तीन मीटरच्या गेटमधून वळवून आत आणणे अवघड असते. आणला तरी कंपाउंडच्या भिंतीला आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला त्याचा हादरा नको असतो, म्हणून भिंतीलगतची वीतभर पट्टी न दाबताच सुटते. मी पाहिलेल्या डांबरी आवारांमध्ये खडी सुटायला सुरुवात झाली होती ती याच कडेने.

याच संदर्भात एक सावधगिरीची सूचना. २०२७ च्या सिंहस्थामुळे शहरात रस्त्यांची कामे जोरात आहेत, आणि शेजारच्या रस्त्याचे काम चालू असताना ‘थोडा माल उरला आहे, स्वस्तात टाकून देतो’ असा प्रस्ताव घेऊन कोणीतरी गेटवर येतो. उरलेला माल म्हणजे बहुधा थंड होत आलेला माल. तो काळा दिसतो, पहिले काही महिने गुळगुळीतही दिसतो, पण खाली पाया केलेला नसतो आणि दबाई पुरती झालेली नसते. असा माल फुकट मिळाला तरी घेऊ नये.

डांबराचा दुसरा दोष नाशिकच्या उन्हाळ्यात दिसतो. आपल्याकडे रस्त्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी ३० प्रतीच्या डांबराचा मृदू होण्याचा बिंदू भारतीय मानकानुसार किमान ४७ अंश असतो. मे महिन्यात हवेचे तापमान ४० च्या घरात गेले की उघड्यावरच्या काळ्या पृष्ठभागाचे तापमान त्याच्या पुष्कळ वर जाते. रस्त्यावर वाहने धावती असतात, म्हणून तेथे ते चालून जाते. घरी मात्र गाडी रोज त्याच जागी, त्याच चार चाकांवर तासन्‌तास उभी असते. चाकांखाली खळगे पडतात आणि दुचाकीचा साइड स्टँड रुतून बसतो. इंजिनातून ठिबकणारे ऑइल आणि डिझेल डांबराला विरघळवते, त्यामुळे जुनी गाडी उभी राहणारी जागा आधी मऊ पडते आणि मग उखडते. काँक्रीटवर ऑइलचा डाग पडतो, तो दिसायला वाईट असतो, पण तेवढ्यावरच थांबतो.

असे असले तरी डांबर सरसकट बाद करणे अन्यायाचे होईल. गिरणारे परिसरातील एका परिचितांच्या मळ्यात मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत सुमारे २०० मीटरचा रस्ता आहे. तीन मीटर रुंदी धरली तर तो ६०० चौरस मीटर होतो आणि ५० मिलिमीटरच्या थराला सुमारे ७० टन माल लागतो. एवढ्या कामाला डंपरच्या खेपा, माल पसरणारे पेव्हर यंत्र आणि रोलर सगळे परवडते, दोन्ही बाजूंना मोकळी साइडपट्टी असल्याने रोलर कडेपर्यंत फिरतो, आणि त्या रस्त्यावर गाडी थांबत नाही, नुसती जाते. तेवढ्याच लांबीला १५० मिलिमीटर काँक्रीट करायचे तर ९० घनमीटर लागले असते. त्यांनी डांबर केले हे योग्यच केले. घरासमोरची गाड्या लावायची जागा तेवढी त्यांनीही काँक्रीटची ठेवली आहे.

आता ज्या गोष्टीवर दोन्ही पर्यायांचे भवितव्य ठरते, त्या पायाकडे वळतो. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या पट्ट्यातील कित्येक प्लॉट एके काळी द्राक्षबागा किंवा भाजीपाल्याची शेते होती आणि वरची माती काळी आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट कोबा टाकला तर सिमेंट कितीही चांगले असो, दोन-तीन हंगामांत तो मधोमध उचलला जातो किंवा कडेला खचतो. दरपत्रक देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘चार इंच खोदून सोलिंग करू’, म्हणजे दगडांचा थर बसवू, एवढेच सुचवले होते. आम्ही ज्यांना काम दिले त्यांनी मात्र स्वतःहून सुमारे दीड फूट काळी माती काढण्याचा आग्रह धरला, आणि त्यांना निवडण्याचे मुख्य कारण तेच ठरले. खड्ड्यात मुरूम एकदम न ओतता सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी शिंपडून, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबत भरला. मुरूम फार कोरडा असेल तर दबत नाही आणि चिखल झाला तरी दबत नाही; मुठीत आवळल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये, इतपत ओल हवी. त्यावर खडीचा थर आणि त्याच्या पोकळ्यांत कच भरली. छताच्या पन्हळीचे पाणी पूर्वी याच पट्ट्यावर पडत असे, ते आधी पाइपने बाजूला नेले. काळ्या मातीच्या प्लॉटवर हे केले नाही तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे, कारण स्लॅबच्या कडेने मुरणारे पाणीच खालच्या मातीला फुगवते.

जाडी ठरवताना आपली मोटार धरू नये, आवारात येणारे सर्वांत जड वाहन धरावे. नुसत्या मोटारीसाठी चार इंच पुरतात. आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत घ्यावा लागतो आणि दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये पाण्याचेच वजन दहा टन असते, म्हणून एम २५ या ताकदीच्या प्रतीचे काँक्रीट सहा इंच जाडीने टाकले. ३६ चौरस मीटरला ते ५.४ घनमीटर होते. सहा घनमीटरच्या एका ट्रान्झिट मिक्सरमध्ये, म्हणजे तयार काँक्रीट आणणाऱ्या फिरत्या ड्रमच्या ट्रकमध्ये, ते बसले आणि सांडलवंडीपुरता मालही राहिला.

तयार काँक्रीट पुरवणाऱ्यांच्या सेवेबद्दल समाधान आहे, मात्र एका अटीवर: समोर उभे राहून लक्ष द्यावे लागते. चलनावर माल भरल्याची वेळ छापलेली असते. तेव्हापासून साधारण दोन तासांच्या आत काँक्रीट उतरवले गेले पाहिजे. भरलेला मिक्सर गेटच्या आत घेता येत नाही, कारण त्याचे वजन २५ टनांच्या आसपास असते. त्यामुळे रस्त्यावरून पन्हळीने आणि पुढे हातगाड्यांनी माल न्यावा लागतो आणि तेवढ्यासाठी पुरेशी माणसे आधीच बोलावून ठेवावी लागतात. पसरणे जड जाऊ लागले की मजूर ‘ड्रममध्ये थोडे पाणी सोडा’ असे म्हणतातच. आमच्याकडेही म्हणाले. ठेकेदाराने ते होऊ दिले नाही. पाणी वाढले की ताकद उतरते, वर साय येते आणि पुढे तीच धूळ होऊन झाडूला लागत राहते.

सळईच्या जाळीबाबत मात्र ठेकेदाराची माणसे ढिसाळ निघाली. जाळी खडीवर तशीच अंथरली होती आणि ‘टाकताना वर ओढून घेऊ’ असे उत्तर मिळाले. जाळी भेग पडू नये म्हणून नसते, पडलेली भेग रुंदावू नये म्हणून असते, आणि त्यासाठी ती जाडीच्या वरच्या भागात असावी लागते. सिमेंटचे कव्हर ब्लॉक लावून ती उचलून घेतली, तेव्हाच पुढचे काम सुरू झाले. जोत्याला आणि पोर्चच्या खांबांना काँक्रीट थेट चिकटू नये म्हणून मध्ये थर्माकोलची पट्टीही लावून घ्यावी. स्लॅब उन्हाने प्रसरण पावतो, तेव्हा त्याने घराला ढकलू नये.

सांध्यांवर मी जरा अधिक लिहितो, कारण ‘काँक्रीटला तडे जातातच’ ही तक्रार बहुतेक वेळा सांधे न ठेवल्याची असते. सुकताना काँक्रीट आकसते आणि कुठेतरी फाटतेच. ते कुठे फाटावे एवढेच आपल्या हातात असते. आमचा पट्टा तीन-तीन मीटरच्या चार चौकोनांत विभागला. दुसऱ्या दिवशी सकाळी कटरने जाडीच्या एक चतुर्थांश, म्हणजे दीड इंच खोल काप घेतले. हे काम ‘पुढच्या आठवड्यात’ करून चालत नाही, कारण तोवर भेगेने आपली वाट निवडलेली असते. पृष्ठभागावर घोटाई न करता झाडू ओढून खरखरीत रेघा ठेवल्या, त्याचा उपयोग जुलैत शेवाळ धरू लागल्यावर कळला. उतार घराकडून गेटकडे, ५० ला १ इतका. त्यानंतर वाळूचे बांध घालून दोन आठवडे पाणी भरून ठेवले; सध्याच्या फ्लाय अ‍ॅशयुक्त सिमेंटला सात दिवसांचे पाणी कमी पडते. मोटार आठवड्यानंतर आत घेतली, टँकर मात्र २८ दिवस बाहेरच थांबवला.

काँक्रीटचे तोटे लपवण्यासारखे नाहीत. दुपारी त्याची चकाकी डोळ्यांवर येते. खालून पाण्याची किंवा ड्रेनेजची पाइपलाइन फुटली तर ब्रेकर लावावा लागतो आणि केलेली डागडुजी कायम वेगळी दिसते. त्यावर उपाय म्हणून चार इंची पीव्हीसी पाइप आडवे पुरून ठेवले आहेत, म्हणजे पुढे केबल किंवा गॅसची नळी न फोडता ओवता येईल. ज्यांच्या आवाराखाली जुन्या, भरवशाच्या नसलेल्या नळ्या आहेत, त्यांनी दोन्ही सोडून ६० मिलिमीटरच्या पेव्हर ब्लॉकचा विचार करावा. ते उचलून पुन्हा बसवता येतात. पाया मात्र त्यांनाही तेवढाच लागतो. पैशांच्या बाबतीत, छोट्या कामात डांबराचा स्वस्तपणा पूर्ण डंपरच्या भाड्यातच संपतो, त्यामुळे आमच्याकडे आलेल्या दरांत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता.

शेवटचा मुद्दा गेटबाहेरच्या पातळीचा. डांबरी रस्त्यावर नवा थर चढला की रस्ता उंच होतो आणि पावसाचे पाणी आवारात शिरते. म्हणून गेटलगतचा सुमारे एक मीटरचा तुकडा आम्ही पूर्ण सांध्याने वेगळा ठेवला आहे आणि त्यातून जाळी पुढे नेलेली नाही. त्याच्या आत जाळीच्या झाकणाचा आडवा चरही ठेवला आहे. उद्या रस्त्याची उंची वाढली तर तेवढाच तुकडा फोडून नव्या पातळीला टाकता येईल, बाकीच्या स्लॅबला हात लावावा लागणार नाही.