यामाहा वायआरएस-२४बी: पहिला रेकॉर्डर म्हणून कसा आहे?

रेकॉर्डर, म्हणजे उभी धरून टोकातून फुंकायची पाश्चात्त्य बासरी, शिकायला पहिलं वाद्य कुठलं घ्यावं, याचं उत्तर सोपं आहे. यामाहाचा वायआरएस-२४बी घ्या. अडचण एवढीच की दुकानात त्याच्याच शेजारी, जवळपास त्याच किमतीला वायआरएस-२३ ठेवलेला असतो. दिसायला दोन्ही सारखेच असल्यामुळे हाताला येईल तो उचलला जातो, आणि चुकून २३ घरी आला तर शिकणाऱ्याला त्याचा त्रास पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर सुरू होतो.

२३ हा जर्मन बोटांचा आहे आणि २४बी बरोक बोटांचा. कोणत्या स्वराला कोणती छिद्रं झाकायची, याच्या या दोन पद्धती. जर्मन पद्धत १९२०च्या दशकात पेटर हार्लान या वाद्यनिर्मात्याने आणली. तिच्यात मागचं अंगठ्याचं छिद्र आणि पुढची वरची चार छिद्रं झाकली की एफ (पाश्चात्त्य सी, डी, ई, एफ, जी, ए, बी या स्वरांतला चौथा) वाजतो. खालपासून एकेक बोट उचलत गेलं की सी, डी, ई, एफ सरळ मिळतात. बरोकवर एफसाठी त्या चारांसोबत सहावं आणि सातवंही झाकायचं आणि पाचवं उघडं ठेवायचं. मधलं एक बोट वर, बाकीची खाली, हे लहान मुलाला जड जातं हे खरं आहे. पण जर्मनने ती सोय एफ शार्पचा (एफच्या अर्धा स्वर वरच्या स्वराचा) बळी देऊन मिळवली आहे. बरोकवर वरची तीन, पाचवं आणि सहावं झाकलं की एफ शार्प जागेवर येतो. जर्मनवर सातवंही झाकावं लागतं, आणि तरी तो नीट बसत नाही.

आपल्याकडच्या शिकणाऱ्याला हे हार्मोनियमच्या भाषेत लवकर कळेल. २४बी हा सोप्रानो, म्हणजे लहान आणि उंच आवाजाचा रेकॉर्डर. सोप्रानोचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे पांढरी एक, अर्थात सी. पांढरी दोनचा, म्हणजे डीचा, सा धरून भूप वाजवायला घेतला की त्याचा गंधार हा नेमका एफ शार्प असतो. म्हणजे अगदी सुरुवातीच्या रागातच, तेही वादी, म्हणजे रागातल्या मुख्य स्वरावर, जर्मन वाद्य बेसूर होतं. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा द्यायच्या असतील तर शार्प-फ्लॅट (अर्ध्या स्वराने चढे-उतरे) स्वर लवकरच येतात, तेव्हा बरोकच हवा.

डबा नसलेला, जुना किंवा कुणाचा वापरलेला रेकॉर्डर घेत असाल तर पुढच्या बाजूचं, वरून मोजून चौथं आणि पाचवं छिद्र बघा. पाचवं मोठं असेल तर बरोक, चौथं मोठं असेल तर जर्मन. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ही खूण भरवशाची.

आता वाद्याबद्दल. एबीएस प्लास्टिकचे तीन भाग: तोंडाचा, मधला आणि पायाचा. लांबी साधारण ३३ सेंटिमीटर. सोबत पिशवी, साफ करायची काठी, सांध्यांना लावायचं क्रीम आणि बोटांचा तक्ता मिळतो. पायाचा भाग वेगळा असणं फार उपयोगाचं आहे, कारण तो थोडा उजवीकडे फिरवून सातवं छिद्र करंगळीखाली आणता येतं. सात-आठ वर्षांच्या मुलाची करंगळी एरवी तिथवर पोचत नाही आणि खालचा सी कधीच वाजत नाही. मग दोष मुलाला दिला जातो. सहावं आणि सातवं छिद्र दुहेरी आहे, त्यातलं एकच झाकून डी शार्प आणि सी शार्प काढतात. ही जोडी उजव्या हाताच्या बोटांच्या हिशोबाने बसवलेली आहे, म्हणून डावखुऱ्या मुलानेही डावा हात वर आणि उजवा खालीच धरायचा.

आवाज किमतीच्या मानाने फार चांगला आहे. जी, ए, बी आणि वरचे सी, डी गोल आणि स्वच्छ येतात. खालचा सी आणि डी मात्र क्षीण आहेत, जरा जोरात फुंकलं की स्वर एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. वरच्या टोकाचे स्वर कानाला टोचतात. लाकडासारखं प्लास्टिक ओल शोषत नाही, त्यामुळे तोंडाच्या भागातल्या, फुंक आत नेणाऱ्या फटीत थेंब साचून आवाज घोगरा होतो. अशा वेळी खिडकीवर (तोंडाच्या भागावरच्या चौकोनी उघड्या जागेवर) बोट हलकेच ठेवून तोंडाकडून एक जोरदार फुंक मारावी, पाणी निघून जातं. वाजवण्याआधी तोंडाचा भाग पाच मिनिटं मुठीत किंवा काखेत धरून गरम केला तर थेंब कमी साचतात. एसीच्या खोलीत हे आवर्जून करा. वारंवार होत असेल तर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून ते फटीतून जाऊ द्या आणि न धुता तसंच वाळू द्या. खिडकीच्या धारेला टाचणी, ब्रश, फडकं काहीही लावू नका. ती धार खरवडली गेली की वाद्य संपलं. बाकी भाग कोमट पाण्यात धुवावेत, उकळत्या पाण्यात नाही. सांधे सरळ ओढू नका, पिळत काढा आणि पिळतच बसवा.

शिकताना पहिले स्वर बी, ए, जी: अंगठा आणि पहिलं बोट, मग दुसरं, मग तिसरं. तिन्ही डाव्या हाताचे, त्यामुळे उजवा हात नुसता आधाराला. फुंक चहाची वाफ सरकवावी इतकीच. प्रत्येक स्वर जिभेने 'दू' म्हणून सुरू करायचा. मराठी तोंडाला हा दंत्य 'द' आयताच येतो, 'ट' वापरला की सुरुवात फुटते. किंचाळी आली तर दोनच कारणं तपासा, फुंक जास्त किंवा छिद्र उघडं. बोटांच्या पेरांवर छिद्राची पूर्ण गोल खूण उमटली असेल तर झाकण बरोबर आहे. अर्धी उमटली असेल तर बोट टोकावर टेकतंय, ते सपाट करा. जीच्या खाली उतरताना बहुतेकांची चूक तिसऱ्या बोटावर असते, नजर मात्र उजव्या हातावर असते.

वरच्या ईपासून अंगठ्याचं काम बदलतं. छिद्र पूर्ण न उघडता अंगठा वाकवून नखाच्या कडेने अगदी बारीक फट ठेवायची. नख वाढलेलं असेल तर हे जमत नाही.

बासरीवरून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इथे ओठांनी स्वर सांभाळता येत नाही. फुंक वाढवली की स्वर चढतो, कमी केली की उतरतो. मींड हवी तर बोट छिद्रावरून हळूहळू सरकवावं लागतं आणि ती छोटीच निघते. गमक, लांब मींड या अपेक्षेने कुणी हे वाद्य घेऊ नये. सरगम पक्की करायला, स्वरलिपी वाचायला शिकायला आणि चार जणांनी मिळून वाजवायला ते उत्तम.

मुंबईत धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत विचारताना नुसतं 'यामाहाचा रेकॉर्डर' म्हणू नका, 'चोवीस बी' म्हणा, आणि तोंडाची फट उजेडाकडे धरून आत प्लास्टिकचा कण अडकलेला नाही ना ते पाहा.

मोठ्या हाताच्या प्रौढांना सोप्रानोची छिद्रं जवळजवळ वाटतात, बोटं एकमेकांवर चढतात. त्यांनी त्याच कंपनीचा अल्टो (सोप्रानोपेक्षा मोठा, खालच्या स्वरांचा रेकॉर्डर), वायआरए-२८बी, थेट घ्यायला हरकत नाही. आवाज खोल आहे, शेजाऱ्यांनाही सुसह्य. फक्त सगळी बोटं झाकल्यावर तिथे सीऐवजी एफ वाजतो, तेव्हा सोप्रानोचा तक्ता अल्टोवर लावू नका.