आईची बोटं आणि चार तारखा: रेशन केवायसीसाठी अपॉइंटमेंट बदलण्याचा सात महिन्यांचा अनुभव

जून 2025 मध्ये रेशन दुकानातल्या मशीनवर आईचा थंब लागला नाही. तो लागला जानेवारीत. मधल्या सात महिन्यांत आधारची अपॉइंटमेंट घेणं, चुकवणं, बदलणं, पुन्हा घेणं यात मी बऱ्यापैकी तरबेज झालो. जांबोटी पट्ट्यातल्या, खानापूर तालुक्यातल्या आणि बेळगावच्या आसपासच्या लोकांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहितोय.

आधी अडचण काय होती ते. आमचं कार्ड बीपीएलचं, चार नावं, आई कुटुंबप्रमुख. अन्न सुरक्षा कायद्याचे माणशी पाच किलो 1 जानेवारी 2023 पासून फुकट आहेत. त्यावर कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचे पाच किलो. हे वरचे पाच किलो जुलै 2023 पासून तांदळाऐवजी रोख मिळायचे, किलोला 34 रुपये या हिशोबानं माणशी 170, आणि फेब्रुवारी 2025 पासून पुन्हा तांदूळ सुरू झाला. म्हणजे जूनमध्ये आम्हाला माणशी दहा किलो मिळत होते. त्यात केवायसीचा, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याचा तगादा. कार्डावरच्या प्रत्येकानं दुकानात येऊन बोट टेकवायचं, नाही टेकवलं तर नाव कमी होईल अशी भीती. शेवटची तारीख 31 मार्च म्हणाले, मग 30 एप्रिल म्हणाले, तीही गेली. सरकारलासुद्धा तारीख पुढं ढकलावी लागते हे बघून मला जरा धीर आला होता.

माझा लागला, बायकोचा लागला. आईची दहाच्या दहा बोटं लावून झाली, मशीन प्रत्येक वेळी लाल. दुकानदार अण्णा मशीनकडं न बघताच म्हणाले, "काजू फोडतात की नाही त्या? मग कसा लागणार?"

आई बारा वर्षं काजू फॅक्टरीत जाते. काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. बायका हाताला एरंडेल किंवा राख लावून बसतात, तरी पहिल्या दोन बोटांची टोकं काळी आणि गुळगुळीत होतात. रेषाच राहत नाहीत. निपाणीला माझी मावशी विड्या वळते, तिचीही तीच रड. तिथं तंबाखू, इथं काजू. सरकारचं मशीन मागतं ती रेष आमच्या बायकांनी कामावर घासून टाकलेली असते.

अण्णांनी सांगितलं, आधारमध्ये बोटं नव्यानं घ्या. त्यासाठी अपॉइंटमेंट.

पहिली अपॉइंटमेंट माझ्या धाकट्या भावानं गोव्यातून काढली. तो कळंगुटला हॉटेलात आहे, मोबाइलवर सगळं त्यालाच जमतं असा घरात समज. पोर्टलवर नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, शहर आणि केंद्र निवडायचं, काय बदलायचंय ते सांगायचं, तारीख आणि वेळेचा स्लॉट घ्यायचा. पाच मिनिटांचं काम. त्यानं नंबर स्वतःचा टाकला, आणि इथंच आमची पहिली चूक झाली. जुलैत तारीख मिळाली. आदल्या रात्री पाऊस असा कोसळला की ओढ्यावरून पाणी गेलं आणि सकाळची पहिली बस गावात आलीच नाही. तारीख बदलायला म्हणून बसलो तर दोन अडचणी. एक, वेळ बदलायची असेल तर ठरलेल्या वेळेच्या निदान 24 तास आधी बदलावी लागते. दोन, बदलायला ज्या नंबरवरून घेतली त्याच नंबरनं आत जावं लागतं, म्हणजे ओटीपी कळंगुटला, आणि भाऊ कामावर असताना त्याचा फोन लॉकरमध्ये. तसंही 24 तास उलटून गेले होते. गेली ती तारीख.

हा 24 तासांचा नियम मी समजू शकतो. ज्याची जागा रिकामी होते ती दुसऱ्याला मिळावी, ठीक आहे. पण आमच्याकडची अडचण एक दिवस आधी सांगून येत नाही. ओढा, म्हैस व्यायला आलेली, मयत, बंद, सगळं त्याच सकाळी. नियम करणाऱ्यानं पावसाळ्यात एकदा कणकुंबीला राहून बघावं, असं मला वाटतं. असो.

दुसरी अपॉइंटमेंट मी स्वतःच्या नंबरवरून घेतली आणि गडबडीत 26 ऑगस्टची घेतली. 27 ला गणेश चतुर्थी! चतुर्थीच्या आदल्या दिवशी आई घर सोडून बेळगावला येईल? मी विचारलंसुद्धा नाही, चार दिवस आधीच बदलली. आणि इथं पोर्टलला मनापासून मार्क देतो. त्याच नंबरनं आत गेलो, ओटीपी टाकला, आपली अपॉइंटमेंट दिसली, बदलण्याचा पर्याय दाबला, सप्टेंबरचा स्लॉट निवडला, नवी पावती डाउनलोड. दोन मिनिटं. पैसे नाहीत, कारण विचारत नाहीत, कुणी तोंड वाकडं करत नाही. तलाठ्यापासून बँकेपर्यंत माझ्या आयुष्यात सरकारी काम पुढं ढकलणं इतकं सोपं कधी नव्हतं.

सप्टेंबरात गेलो. जाताना आईनं आधार दाखवून शून्य रुपयाचं तिकीट घेतलं, मी पूर्ण पैसे दिले. बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना 11 जून 2023 ला सुरू झाल्यापासून आई बसमध्ये माझ्याकडं जरा वरून बघते. केंद्रावर पोचलो तर नेट गेलेलं. अकरा वाजता आलं, सव्वाअकराला पुन्हा गेलं. बारा जण बाकावर. शेवटी आतला माणूस बाहेर येऊन म्हणाला, "नाळे बन्नी." उद्या या.

बेळगाव भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: पूर्वी कर्नाटकात लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे उद्या ये, असं लिहून ठेवायचे. रात्री हाक मारणारं भूत ते वाचून परत जायचं, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचायचं. आम्ही त्या दिवशी भुतासारखेच परतलो. आणि ही जी तोंडी बदललेली तारीख असते ती कुठल्याच पावतीवर नसते, हे लक्षात ठेवा. आपण बदलली तर पुरावा, त्यांनी बदलली तर नुसता शब्द. मी मात्र पुढच्या आठवड्यात जुनी पावती घेऊनच गेलो आणि त्यांनी टोकन देऊन आत घेतलं, हेही सांगायला हवं.

आत मुलगी होती, पंचवीसेक वर्षांची. "अव्वा, कै तोरस्री," म्हणाली. आईनं हात पुढं केले. तिनं मशीनवर टेकवायच्या आधी ते उलटेपालटे करून बघितले, ओल्या फडक्यानं पुसले, दोनदा घेतले, मग मशीन बाजूला सारून माझ्याशी मोडक्या मराठीत बोलली. आज घेतलं तरी ठसे खराब येतील, पैसे जातील आणि दुकानात पुन्हा लागणार नाही. पंधरा दिवस काजू सोडा, रोज रात्री खोबरेल लावा, कातडी नवी येऊ दे, मग तारीख घेऊन या. त्या दिवशी तिनं पैसे घेतले नाहीत.

सात महिन्यांत मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हा, आणि तो कुठल्या पोर्टलवर नाही, हेल्पलाइनवर नाही. मी 1947 ला, म्हणजे आधारच्या हेल्पलाइनला फोन केला होता, त्यांनी अपॉइंटमेंट कशी बदलायची ते नीट सांगितलं. 1967 ला, म्हणजे रेशनच्या नंबरला केला, त्यांनी आधार दुरुस्त करा म्हणून सांगितलं. दोघंही बरोबर. पण तारीख बोटांच्या हिशोबानं लावायची असते हे त्या मुलीनंच सांगितलं.

आता पंधरा दिवस काजू सोडायचा म्हणजे काय, तो हिशोब घरी बसून केला. आईला दिवसाला साधारण अडीचशे पडतात. पंधरा दिवसांचे पावणेचार हजार. तिच्या वाट्याचा तांदूळ दहा किलो, सरकारच्याच 34 रुपये दरानं महिन्याला 340 रुपयांचा. म्हणजे थंब लागावा म्हणून अकरा महिन्यांच्या तांदळाएवढी मजुरी सोडायची. आई म्हणाली, "नको की मग, राहू दे माझं नाव, तुमचं तिघांचं येऊ दे." पण कार्डात कुटुंबप्रमुख तीच. राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार कुटुंबप्रमुख बाईच्याच खात्यावर येतात, कार्डात काही घोटाळा झाला तर तेही अडकतील. कार्ड म्हणजे आता तांदळापुरतं राहिलेलं नाही.

म्हणून चौथी तारीख आम्ही विचार करून लावली. आधी ऑक्टोबरच्या शेवटची घेतली, मग दिवाळी आणि त्यामागून सुगी दिसली. भात कापताना विळा आणि पेंढी हाताची काय दशा करतात ते शेतकऱ्याला सांगायला नको. तीन दिवस आधी बदलून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली घेतली. सुगी उरकली, मळणी झाली, आईनं फॅक्टरीत सांगून सुट्टी घेतली. पंधरा दिवस ती घरात बसून होती आणि बसणं तिला येत नाही. भांडी सूनबाईनं घासायची, राखेला हात लावायचा नाही, चुलीतलं जळण ओढायचं नाही. दिवसातून चार वेळा बोटं उजेडाकडं धरून बघायची. दहाव्या दिवशी मला बोलावून म्हणाली, "बघ की, आली काय रे रेघ?" आली होती. पुसटशी, डाव्या हाताच्या मधल्या बोटावर.

डिसेंबरात दहाही बोटं, दोन्ही डोळे, फोटो, सगळं पंचवीस मिनिटांत झालं. मुलगी तीच होती. फी 125 रुपये. 1 ऑक्टोबर 2025 पासून शंभराचे सव्वाशे झाले, म्हणजे तारखा पुढं ढकलण्याचे रोख पंचवीस रुपये पडले. एवढंच नुकसान असतं तर मी हसत भरलं असतं.

अपडेट झाल्याचा मेसेज आला तो कुणाच्या फोनवर? भावाच्या. आईच्या आधारला नंबर त्याचाच जोडलेला. तेव्हा केंद्रात गेलाच आहात तर मोबाइल नंबरही तपासून घ्या, आम्ही विसरलो.

मग दुकान. दुकानाला अपॉइंटमेंट नसते, तिथं 'सर्व्हर इल्ल', म्हणजे सर्व्हर नाही, असतं. डिसेंबरात दोनदा गेलो, दोनदा नव्हता. दुकानदाराला दोष देत नाही, तोही आमच्याबरोबर मशीन हवेत धरून रेंज शोधत उभा. पण आधारचं पोर्टल निदान तारीख देतं, बदलू देतं. महिन्याला लाखो लोक जिथं उभे राहतात त्या दुकानाला अशी सोय का नसावी? सकाळी फोनवर नुसतं कळलं असतं की आज मशीन चालू नाही, तर आईचा एक रोज वाचला असता. रेशनचे मेसेज येतात तेही कन्नडमध्ये. शेजारची सातवीतली पोरगी शाळेत कन्नड शिकते, ती वाचून दाखवते. तिची परीक्षा असली की आमचे मेसेज तुंबतात.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सर्व्हर होता. आईनं अंगठा लावला, लाल. उजवं बोट, लाल. मी म्हटलं, डावं मधलं लाव. हिरवं झालं. अण्णांनी कार्डाच्या मागं पेनानं लिहून ठेवलं: डावं मधलं. ज्यांच्या घरात असे हात आहेत त्यांनी एवढं जरूर करा, कुठलं बोट लागतं ते लिहून ठेवा. आई दुसऱ्या दिवसापासून काजूला गेली. आता मधलं बोट ती जपते, चिंधी बांधून काजू फोडते. किती दिवस जपणार, माहीत नाही. केवायसी निदान दर पाच वर्षांनी करायची असा नियम निघालाय, तोवर तरी.

बायकोचं थोडक्यात सांगतो. ती चंदगडची, माहेर महाराष्ट्रात. तिकडच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इकडं नाव चढत नाही. एक देश एक रेशन कार्डमुळं धान्य कुठंही उचलता येतं, नाव मात्र सीमेवर दाखला मागतं. लग्नानंतर तो दाखला आणायला आम्हाला तीन फेऱ्या झाल्या आणि त्यानंतर इकडची दुरुस्तीची खिडकी उघडेपर्यंत थांबावं लागलं. नवीन लग्न झालेल्यांनी हे काम हळद उतरायच्या आत सुरू करावं.

मार्क द्यायचे तर अपॉइंटमेंटच्या सोयीला पाचपैकी चार, 24 तासांच्या नियमाचा एक कापून. केंद्राला तीन, तेही बरेचसे त्या मुलीचे. दुकानातल्या मशीनला मी मार्क देत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा तिथंच उभं राहायचंय.

मार्चमध्ये माझी मुलगी पाच वर्षांची होते. लहान मुलांच्या आधारला पाचव्या वर्षी बोटं द्यावी लागतात, पाच ते सात वयात फुकट. एप्रिलची तारीख घेऊन ठेवणार आहे, पाऊस आणि सुगी दोन्ही टाळून. नंबर माझाच टाकणार.