‘ऑर्थोपेडिक’ लोफरच्या आत निघाला पुठ्ठा

दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांनी, त्यातही ज्यांची टाच दुखते त्यांनी, समाजमाध्यमांवरची जाहिरात पाहून ‘ऑर्थोपेडिक लोफर’ मागवण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठी तो सविस्तर लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी सपाट चपला बंद करायला सांगितल्या आणि टाच घट्ट धरून ठेवणारे, तळव्याच्या कमानीला खालून आधार देणारे बूट रोज वापरावेत असा सल्ला दिला. लेस बांधायला वाकावे लागू नये आणि शाळेतही शोभावेत, म्हणून मी लोफर शोधू लागलो. थोड्याच दिवसांत मोबाईलवर तशाच जाहिराती एकामागून एक दिसू लागल्या.

त्यांपैकी एका जाहिरातीत पांढरा कोट घातलेले गृहस्थ पायाच्या हाडांच्या चित्रावर बोट ठेवून कमानीचा आधार समजावत होते. अस्सल चामडे, कारखाना बंद होत असल्याने शेवटचा साठा, ४,९९९ रुपये खोडून १,२९९, आणि शेजारी सेकंदासेकंदाने कमी होणारी वेळ. वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायचे होते, आणि विश्वास बसतो तो नेमका याच सोयीमुळे. प्रत्यक्षात कुरिअरचा मुलगा पैसे घेतल्याशिवाय पार्सल फोडू देत नाही, त्यामुळे आत काय आहे हे कळेपर्यंत रक्कम आपल्या हातून गेलेली असते.

बूट पहिल्यांदा घातले तेव्हा अगदी मऊ लागले. महिना होण्याच्या आतच आतला फोम दबून कागदासारखा झाला, टाच चालताना बाहेर निसटू लागली आणि दुखणे पूर्वीपेक्षा वाढले. आमच्या चौकातल्या गटई स्टॉलवरच्या, म्हणजे चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांनी बूट हातात घेऊन टाचेमागची बाजू अंगठ्याने दाबली, तर ती सरळ आत दुमडली. “सर, इथे आत कडक पट्टी असते, ती घातलेलीच नाही,” असे म्हणत त्यांनी आतला थर उचकटला. खाली पावसाच्या ओलीने फुगलेला, बोटाने सोलला जाईल असा पुठ्ठा होता. वरच्या भागाची कड कापून दाखवली तेव्हा पातळ प्लास्टिकच्या थराखाली कापडाचे विणलेले धागे उघडे पडले. चामड्याचा त्यात मागमूसही नव्हता.

मऊपणा म्हणजे आधार नव्हे, ही गोष्ट या जाहिराती मुद्दाम झाकून ठेवतात. आधार देणारा बूट चवड्यापाशी, म्हणजे बोटे वाकतात तिथेच वाकतो. मधोमध दुमडत नाही आणि दोन्ही हातांनी पिळला तर फडक्यासारखा पिळला जात नाही. लोफरला लेस नसते, म्हणून पायाच्या वरच्या उंचवट्यावर तो नीट बसला नाही, तर तो निसटू नये यासाठी बोटे नकळत आवळली जातात आणि पाय आणखी थकतो. यांतले काहीही छायाचित्रात दिसत नाही. म्हणून असे बूट दुकानात, शक्यतो संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही पायांत घालून चालून बघूनच घ्यावेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

तक्रार करायला गेलो तेव्हा फसवणुकीची खरी रचना समजली. खोक्यावर उत्पादकाचे नाव नव्हते, छापील किंमत नव्हती, आणि परतीचा पत्ता एका गोदामाचा होता. संकेतस्थळावर फक्त एक फॉर्म होता. तो भरल्यानंतर एका अनोळखी व्यक्तीचा फोन आला आणि पैसे परत मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाका, असे तिने अत्यंत नम्रपणे सांगितले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना लागतो. मी फोन ठेवला. त्या क्षणी पिन टाकला असता, तर बुटांच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम खात्यातून गेली असती. असे पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिनाभरात तिचा निकाल लावावा, असेही त्यात आहे. वस्तू जाहिरातीप्रमाणे नसेल तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. हे हक्क भक्कम आहेत, परंतु नोटीस पाठवायला नाव आणि पत्ता लागतो, आणि हे लोक नेमके तेच ठेवत नाहीत. म्हणून पैसे देण्यापूर्वी संकेतस्थळाच्या तळाशी जाऊन ही माहिती शोधावी, आणि ती नसेल तर बूट कितीही देखणे दिसोत, मागवू नयेत.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली असून खोके, पार्सलवरचे लेबल आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवले आहेत. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. ते संकेतस्थळ आता उघडत नाही. मात्र तीच छायाचित्रे आणि तेच पांढऱ्या कोटातले गृहस्थ सध्या दुसऱ्या नावाखाली, महिलांच्या लोफरच्या जाहिरातीत दिसत आहेत.