रायन पीटी-22 घेताय? आधी कार्ब्युरेटर उघडा, सीटची पाठ बघा

जुन्या हलक्या विमानांत रायन पीटी-22 इतकं देखणं विमान क्वचितच सापडेल. चकचकीत अॅल्युमिनियमचं गोलसर अंग, किंचित मागे झुकलेले पंख, एकामागे एक दोन उघड्या सीट आणि नाकाशी 160 अश्वशक्तीचं पाच सिलिंडरचं किनर इंजिन. सॅन डिएगोच्या रायन कंपनीने अमेरिकी लष्करातल्या शिकाऊ वैमानिकांसाठी अशी हजाराहून जास्त विमानं बांधली. दुसरं महायुद्ध संपल्यावर ती खासगी हातांत गेली. आज विक्रीला असलेलं प्रत्येक पीटी-22 अनेक मालक, अनेक मेकॅनिक आणि निदान एका मोठ्या दुरुस्तीतून आलेलं असतं. घेणाऱ्याने तपासायचं ते या दुरुस्तीचं काम.

का, ते एका अपघाताने नीट दाखवलंय. 5 मार्च 2015 ला अभिनेते हॅरिसन फोर्ड यांनी त्यांचं स्वतःचं, 1942 सालचं पीटी-22 कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून उडवलं. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 फुटांवर, म्हणजे जमिनीपासून हजार फूटही नसताना, इंजिनची ताकद गेली. त्यांनी टॉवरला सांगून विमान परत वळवलं, पण धावपट्टी गाठणार नाही हे दिसताच शेजारच्या पेनमार गोल्फ कोर्सच्या मोकळ्या जागेकडे घेतलं. उतरताना विमान साधारण 65 फूट उंच झाडाच्या शेंड्याला लागलं आणि जमिनीवर आदळलं. फोर्ड गंभीर जखमी झाले, पण वाचले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने इंजिन उघडलं तेव्हा कार्ब्युरेटरमधला मुख्य जेट त्याच्या बैठकीतून आटे सुटून बाहेर आलेला निघाला. जेट म्हणजे बारीक भोकाचा, आट्यांनी बसवलेला छोटा तुकडा. इंजिनला पेट्रोल किती जायचं ते हे भोक ठरवतं. तो जागचा सुटला की पेट्रोलला धरबंध राहत नाही. पूर्ण ताकदीसाठी वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण 12 ते 13 भाग हवा लागते. पेट्रोल त्याच्या फार पुढे गेलं की मिश्रण नीट पेटतच नाही. टाकीत पेट्रोल भरपूर असूनही इंजिन गुदमरतं.

जेट एका दिवसात सुटला नव्हता. विमानाची मोठी दुरुस्ती होऊन सुमारे 17 वर्षं झाली होती, आणि जेट वेळोवेळी तपासा असं कार्ब्युरेटरच्या देखभाल-सूचनांत कुठेच नव्हतं. म्हणजे लॉगबुक अगदी चोख असलं तरी हा दोष त्यात दिसला नसता. विक्रेता ‘पूर्ण रिस्टोअर केलेलं’ म्हणाला तर कोणत्या साली, आणि त्यानंतर कार्ब्युरेटर कोणी कधी उघडला, हे दोन प्रश्न विचाराच. उत्तर नसेल तर सौद्याआधी तो उघडून जेट घट्ट आहे का ते बघायचा खर्च धरा. काळा धूर आणि काजळी धरलेले प्लग ही जास्त पेट्रोल जात असल्याची खूण; पण खूण नाही म्हणून जेट ठीक आहे असं समजू नका.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. या विमानांना मुळात खांद्याचे पट्टे नव्हते. ते नंतरच्या मालकांनी बसवून घेतले. फोर्ड यांच्या विमानात पट्टा सीटच्या पातळ पत्र्याच्या पाठीला बोल्ट, वॉशर आणि नट लावून अडकवलेला होता, मागे मजबुतीचा आधार नव्हता. आदळताना सगळा भार वॉशरएवढ्या जागेवर आला आणि बोल्ट-नट पत्रा फाडून बाहेर पडले. चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या या पट्ट्यामुळे इजा वाढली, असं मंडळाने स्पष्ट म्हटलंय. तेव्हा सीटच्या मागे हात घालून बघा. नुसता वॉशर लागला तर पट्टा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भार पसरवणारी जाड पट्टी, मंजूर आराखड्याप्रमाणे, बसवून घ्या.

पंखांत लाकडी कणे, धातूच्या बरगड्या आणि वर कापड. फिटिंग्जभोवतीचं लाकूड ओलाव्याने कुजलंय का ते कापडावरच्या रंगावरून कळत नाही. तपासणीची झाकणं उघडून, दिवा धरूनच बघावं लागतं.

उडवायला हे विमान सोपं नाही. इंजिन बंद असताना ते झपाट्याने खाली येतं. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना वेग कमी ठेवून वळण आवळलं, की पुरेसा इशारा न देता विमान एका पंखाकडे एकदम खाली झुकतं, आणि तिथे सावरायला उंची नसते. फोर्ड यांनी धावपट्टीपर्यंत ताणत न बसता मोकळी जागा धरली, हा निर्णय या विमानासाठी अगदी बरोबर होता. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा सराव नसेल तर नुसत्या दोन फेऱ्यांवर ताबा घेऊ नका. पीटी-22 चाच अनुभव असलेला प्रशिक्षक शोधा.

विमान म्हणून पैकीच्या पैकी, मात्र पहिलं विमान म्हणून याची शिफारस करणार नाही. किनर इंजिन हाताळणारा मेकॅनिक तुमच्या विमानतळावर नसेल तर तो मिळेपर्यंत इसार देऊ नका.