गच्चीवरचं बार्बेक्यू: कोळसा की विजेचं ग्रिल?

मे महिन्यात नाशिकची दुपार चाळिशीला टेकते, पण दिवस कलला की गच्चीवर वारा सुटतो. आमच्याकडे मग आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी भाजलं जातं.

कोळशाला धीर लागतो. निखाऱ्यांवर राखाडी साय धरेपर्यंत अर्धा तास जातो. त्याआधी चिकन ठेवलं की बाहेरून करपतं, आतून कच्चंच. (मेव्हण्याने परवा घाई केली. पहिली खेप वाया!) पण चरबी निखाऱ्यावर टपकून जो धूर उठतो, तोच चवीत उतरतो. आणि कांदा! लासलगावची कांद्याची बाजारपेठ आपल्याच जिल्ह्यात असताना तो चकत्या करून का भाजायचा? सालीसकट निखाऱ्यात पुरा, वीसेक मिनिटांनी काळी साल सोला. आत मऊ, गोड गर. वर मीठ, लिंबू, बस्स.

विजेच्या ग्रिलवर ही गंमत नाही. मात्र ते दहा मिनिटांत तापतं, आणि २००० वॅटचं असलं तरी तासाभराला फार तर दोन युनिट. पनीर, ढोबळी मिरची त्यावर छान होते. शेजारच्या काकूंच्या कुरडयांना धुराचा वास लागत नाही, हे वेगळंच. वीज गेली की मात्र बसा हात चोळत.

बंदिस्त बाल्कनी असेल तर कोळशाचा विचारही नको. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत उशीर होतो. उघडी गच्ची असेल तर माझं मत कोळशालाच. फक्त काकूंना आधी विचारा, कुरडया कधी उचलणार.